वेडा म्हातारा आणि त्याची 'इंडियन'

मित्रांनो, जगातल्या सगळ्यात फास्ट 'इंडियन'चं नाव सांगा, असं कोणी व्हायव्हात विचारलं तर तुम्ही काय सांगाल? कोणी नारायण कार्तिकेयन म्हणेल, कोणी मिल्खासिंग म्हणेल. पण मोटारसायकलच्या जगात या प्रश्नाचं उत्तर वेगळं आहे. ही इंडियन म्हणजे अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावच्या कारखान्यात तयार झालेली एक मोटारसायकल, आणि तिचा मालक होता न्यूझीलंडच्या अगदी दक्षिण टोकाच्या एका गावातला म्हातारा. त्याचं नाव बर्ट मन्रो. त्याने ही गाडी १९२० साली घेतली आणि १९६७ साली, म्हणजे सत्तेचाळीस वर्षं जुनी झाल्यावर, तिच्यावर वर्ल्ड रेकॉर्ड केला. तेव्हा त्याचं वय होतं ६८! आपल्याकडे या वयात माणसं सकाळी बागेत फिरायला जातात आणि नातवंडांना रागावतात.

बर्टचा जन्म २५ मार्च १८९९ रोजी इन्व्हरकार्गिल इथे झाला. त्याच्याबरोबर जन्मलेली जुळी बहीण जन्मतःच गेली. हे मूलही दोन वर्षांच्या पुढे जगणार नाही, असं डॉक्टरांनी आईवडिलांना सांगून ठेवलं होतं. पण डॉक्टरांचा अंदाज चुकला. तो जवळच्याच एडनडेल भागातल्या शेतावर वाढला. घरचं सगळं शेतीचं. लहानपणापासून त्याला वेगाचं वेड. वडिलांना ते अजिबात पसंत नव्हतं. पहिलं महायुद्ध संपेपर्यंत तो घरीच राहिला. मग वडिलांनी शेत विकलं, तेव्हा तो ओटिरा नावाच्या रेल्वे बोगद्याच्या कामावर मजूर म्हणून गेला. पुढे वडिलांनी नवीन जमीन घेतली आणि मुलाला परत बोलावून घेतलं.

आणि १९२० साली त्याने एक नवी कोरी 'इंडियन स्काऊट' विकत घेतली. इंजिन नंबर ५० आर ६२७. हा नंबर मुद्दाम देतो आहे, कारण पुढे या इंजिनातलं जवळजवळ सगळं बदललं, तरी बर्ट तिला आयुष्यभर तीच गाडी मानत राहिला.

स्काऊट तशी साधी गाडी. सुमारे ६०० सीसीचं व्ही-ट्विन इंजिन, साईड व्हॉल्व्ह, हाताने टाकायचे तीन गिअर आणि पायाने दाबायचा क्लच. म्हणजे आपल्या बाईकच्या बरोबर उलटं! टॉप स्पीड ताशी ८९ किलोमीटर. त्या काळी घोड्यावरून फिरणाऱ्या माणसाला एवढं खूप झालं. बर्टला नाही झालं. १९२६ पासून त्याने तिच्यात बदल करायला सुरुवात केली, आणि ते काम पुढची चाळीसहून जास्त वर्षं संपलंच नाही.

आता खरी गंमत इथून सुरू होते. बर्टकडे पैसे नव्हते. मंदीच्या काळात तो मोटारसायकलींचा सेल्समन होता. दिवसभर दुकानात काम करायचं आणि रात्री आपल्या गाडीवर. कितीतरी वेळा तो रात्रभर जागून सकाळी तसाच न झोपता कामाला जायचा. आपण सबमिशनच्या आदल्या रात्री नाईट मारतो आणि त्याचं केवढं कौतुक सांगतो! हा माणूस वर्षानुवर्षं नाईट मारत होता, आणि त्याला टर्म ग्रँट करणारं कोणी नव्हतं.

इंजिनची ताकद वाढवायची म्हणजे जास्त कॉम्प्रेशन, जास्त आरपीएम, जास्त उष्णता. साईड व्हॉल्व्ह इंजिनमध्ये व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असतात, त्यामुळे कम्बशन चेंबर पसरट होतो आणि कॉम्प्रेशन फार वाढवता येत नाही. म्हणून बर्टने स्वतःचे हेड तयार करून इंजिन ओव्हरहेड व्हॉल्व्हचं केलं. बोअर आणि स्ट्रोक वाढवत वाढवत ६०० सीसीचं इंजिन शेवटी ९५० सीसीपर्यंत नेलं. कंपनीने जे इंजिन साध्या रस्त्यावर आरामात चालण्यासाठी काढलं होतं, त्याच्याकडून तो तिप्पट वेगाची अपेक्षा करत होता. मग व्हायचं तेच झालं. इंजिन जाम व्हायचं. पिस्टन सिलिंडरला चिकटायचा, वितळायचा, भोक पडायचं, कनेक्टिंग रॉड तुटून केसमधून बाहेर यायचा.

इंजिन सीज होतं म्हणजे नक्की काय होतं, हे आपण आय. सी. इंजिनच्या पुस्तकात एका ओळीत वाचतो आणि सोडून देतो. जरा आकडे मांडून बघा. स्काऊटच्या मूळ सिलिंडरचा बोअर साधारण ७० मिलीमीटर. पिस्टन ॲल्युमिनियमचा, सिलिंडर बिडाचा. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या साधारण दुप्पट फुगतं. पिस्टन दोनशे डिग्रीने तापला तर त्याचा व्यास सुमारे ०.३२ मिलीमीटरने वाढतो. सिलिंडर दीडशे डिग्रीने तापला तर तो फक्त सुमारे ०.१२ मिलीमीटरने वाढतो. म्हणजे मधली फट ०.२ मिलीमीटरने कमी झाली. थंड असताना फट त्यापेक्षा कमी ठेवली असेल, तर गाडी भर वेगात असताना पिस्टन सिलिंडरमध्ये पाचरीसारखा बसतो आणि मागचं चाक लॉक होतं. फट जास्त ठेवली, तर पिस्टन खडखडतो, गॅस खाली गळतो आणि ताकद जाते. या दोन्हीच्या मध्ये कुठेतरी बरोबर माप असतं. ते माप प्रत्येक नव्या ॲलॉयला आणि पिस्टनच्या प्रत्येक नव्या आकाराला वेगळं असतं. कंपन्यांकडे यासाठी लॅबोरेटरी असते. बर्टकडे शेड होती.

तो जुने पिस्टन जमवायचा, ते वितळवायचा, जुन्या डब्यांत आणि घरी केलेल्या साच्यांत ओतायचा आणि नवे पिस्टन घडवायचा. ते बसवायचे, गाडी समुद्रकिनाऱ्यावर न्यायची, फुल थ्रॉटल द्यायचा आणि इंजिन फुटलं की परत येऊन पुन्हा भट्टी पेटवायची. आपण फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये फाऊंड्रीचा एकच जॉब करतो, तोही तिघात मिळून, आणि त्यात ब्लो होल आलं तर इन्स्ट्रक्टरची मनधरणी करतो. बर्टने आयुष्यात असे किती जॉब केले असतील, विचार करा.

फुटलेले पिस्टन, तुटलेले रॉड, वाकलेले व्हॉल्व्ह त्याने फेकून दिले नाहीत. शेडमधल्या एका फळीवर ते सगळे मांडून ठेवले आणि त्या फळीवर लिहून ठेवलं, की ही वेगाच्या देवाला वाहिलेली दक्षिणा आहे. वरवर हा विनोद वाटतो. पण ती फळी म्हणजे त्याचं रेकॉर्ड बुक होतं असं मला वाटतं. कुठला पिस्टन कुठे वितळला, चिकटल्याच्या खुणा स्कर्टवर आहेत की वरच्या भागावर, रॉड मधून तुटला की टोकाला, हे सगळं त्या तुकड्यांवर लिहिलेलं असतं. वाचता आलं पाहिजे एवढंच. आपण आपला फसलेला जॉब स्क्रॅपच्या डब्यात लपवतो. त्याने तो सगळ्यांना दिसेल असा मांडला.

सीज होण्याचा आणखी एक प्रकार असतो, आणि तो आपल्या जास्त जवळचा आहे. आजोबांची राजदूत किंवा काकांची येझदी दहा-पंधरा वर्षं गोठ्यात नाहीतर जिन्याखाली उभी असते. एक दिवस आपल्याला हुक्की येते. बघतो तर किक दगडासारखी. इथे उष्णतेचा काही संबंध नाही. सिलिंडरमध्ये दमट हवा राहते, रिंग आणि बोअर यांच्यामध्ये गंज धरतो, जुनं ऑईल डिंकासारखं घट्ट होतं. अशा वेळी आपल्यातले बहाद्दर काय करतात? किकवर उभे राहून नाचतात! त्याने रिंग तुटते, नाहीतर किकचा गिअर जातो. खरं तर स्पार्क प्लग काढून त्या भोकातून पेनिट्रेटिंग ऑईल किंवा डिझेल आणि इंजिन ऑईलचं मिश्रण ओतायचं आणि चार-पाच दिवस गप्प बसायचं. कमी झालं की अजून ओतायचं. मग प्लग काढलेलाच ठेवून गाडी टॉप गिअरला टाकायची आणि मागचं चाक हलकेच पुढे-मागे करायचं. केसभर हललं तरी पुरे, उद्या अजून हलेल. आणि सुटलं म्हणून लगेच स्टार्ट करायची नाही. सिलिंडर उतरवून बोअरवर ओरखडे आहेत का बघायचं, गरज असेल तर रिबोअर करून ओव्हरसाईज पिस्टन टाकायचा, टाकीतला गंज आणि कार्बोरेटरचे जेट साफ करायचे, नवीन ऑईल भरायचं. यात अवघड काहीच नाही, फक्त घाई चालत नाही. आणि घाई न करणं हेच आपल्याला जमत नाही.

बर्टकडे ही सबुरी होती. त्याने कनेक्टिंग रॉड जुन्या कॅटरपिलर ट्रॅक्टरच्या ॲक्सलमधून कोरून काढले, आणि मग त्यांचं हार्डनिंग आणि टेम्परिंगही स्वतःच केलं. सिलिंडर बॅरल, फ्लायव्हील, कॅम, ऑईलिंगची सिस्टीम, सगळं घरचं. माप घ्यायला मायक्रोमीटर म्हणून चाकाची एक जुनी स्पोक वापरायचा असं सांगतात. वाढलेली ताकद चाकापर्यंत पोचवायला सतरा प्लेटचा क्लच आणि तीन चेनचा ड्राईव्ह त्याने बसवला. आपण फिटिंगच्या जॉबला कानस मारून मारून दोन तासांत हात दुखतात म्हणून कॅन्टीनला पळतो. असो!

आता थोडं कडू बोलायला हवं. बर्टचं १९२५ साली लग्न झालं होतं आणि त्याला चार मुलं होती. रात्र रात्र शेडमध्ये, पैसा गाडीत, अपघातात हाडं मोडून घेणं वेगळंच. अशा माणसाबरोबर संसार करणं किती कठीण असेल? १९४७ साली त्याचा घटस्फोट झाला. नंतर त्याने नोकरीही सोडली आणि एका गॅरेजमध्येच राहायला गेला. तिथेच पलंग, तिथेच भट्टी, तिथेच इंडियन आणि त्याची दुसरी लाडकी गाडी, १९३६ची व्हेलोसेट. त्याच्यावरचे लेख वाचताना हा भाग एका वाक्यात संपतो. मला तो तसा संपवणं बरोबर वाटत नाही. त्याच्या रेकॉर्डची किंमत फक्त त्याने एकट्याने दिली नाही, घरच्यांनीही दिली. त्यांनी ती आपणहून दिली होती का, हे त्यांना कोणी विचारलं नसेल. आपण कुणाचं पॅशन बघून टाळ्या वाजवतो तेव्हा हेही लक्षात ठेवलं पाहिजे.

न्यूझीलंडमध्ये त्याचं नाव झालं होतं. १९३८ साली त्याने देशाचा पहिला रेकॉर्ड केला आणि पुढे आणखी सात केले. इन्व्हरकार्गिलजवळ ओरेटी नावाचा लांबच लांब सपाट किनारा आहे, तीच त्याची टेस्ट ट्रॅक. तिथे १९५७ साली तो ताशी २११ किलोमीटरने गेला. पण वाळू ओली-सुकी असते, भरती येते, किनारा संपतो. खरा वेग बघायचा तर अमेरिकेतल्या युटा राज्यातलं बॉनव्हिल हवं. तिथे मिठाचं पांढरं शुभ्र मैदान आहे, नजर पोचेल तिथपर्यंत सपाट. बर्ट तिथे एकूण दहा वेळा गेला. पहिल्यांदा नुसता बघायला, आणि पुढे नऊ वेळा पळवायला. पेन्शनीच्या वयाचा माणूस, हृदयाचं दुखणं सुरू झालेलं, आणि बरोबर जहाजातून नेलेली जुनाट गाडी!

इथे नुसतं इंजिन पुरत नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यासाठी लागणारी पॉवर वेगाच्या घनाच्या प्रमाणात. ८९ वरून २९६ म्हणजे वेग ३.३ पट. त्याचा घन केला तर जवळजवळ ३७ पट पॉवर! एवढी पॉवर त्या इंजिनातून कुठून येणार? म्हणून गाडीभोवती माशासारखं निमुळतं कवच घातलं आणि बर्ट त्याच्या आत पोटावर ओणवा झोपून चालवायचा. आधी त्याने ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून कवच केलं होतं, नंतर फायबरग्लासचं केलं. पण कवचाचा एक तोटा असतो. हवेचा दाब ज्या बिंदूवर येतो तो गाडीच्या सेंटर ऑफ ग्रॅव्हिटीच्या पुढे गेला, की जास्त वेगात गाडी शेपूट हलवायला लागते. बर्टला हा अनुभव पुरेपूर आला. एकदा अशीच गाडी डगमगायला लागली. वेग कमी करायला तो कवचाबाहेर उठला, तर वाऱ्याने गॉगलच उडवून नेला. डोळे उघडवेनात, काही दिसेना. शेवटी त्याने गाडी आडवी टाकली आणि मिठावरून घसरत गेला. थोड्याफार खरचटण्यावर निभावलं. दुसरा कोणी असता तर गाडी विकून टाकली असती.

१९६२ साली ८८३ सीसी गटात ताशी २८८ किलोमीटर. १९६६ साली १००० सीसी गटात २७० किलोमीटर. आणि १९६७ साली त्याच गटात २९५ किलोमीटर. पात्रता फेरीत तर एका दिशेने तो ताशी ३०५ किलोमीटरच्या पुढे गेला होता. तीन वर्ल्ड रेकॉर्ड! एक लक्षात घ्या, ज्या कंपनीने ही गाडी बनवली, तिचं उत्पादन १९५३ सालीच बंद पडलं होतं. म्हणजे कंपनी गेली, पण तिची गाडी पळतच होती.

त्याच्यावर २००५ साली 'द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन' नावाचा सिनेमा आला. अँथनी हॉपकिन्सने बर्टचं काम केलं आहे. दिग्दर्शक रॉजर डोनाल्डसनने १९७१ साली, बर्ट जिवंत असतानाच, त्याच्यावर डॉक्युमेंटरी केली होती. हॉस्टेलवर सिनेमा पाहणाऱ्यांनी एवढंच ध्यानात ठेवावं, की अनेक वर्षांच्या अनेक खेपा त्यात एका प्रवासात बसवल्या आहेत. सिनेमात म्हातारा जातो आणि जिंकतो. खरा बर्ट जायचा, गाडी फोडायचा, परत यायचा, वर्षभर कानस मारायचा आणि पुन्हा जायचा.

बर्टची गोष्ट सांगितली की आपल्याकडे लगेच कोणीतरी म्हणतो, भारी जुगाड! मला हा शब्द इथे पटत नाही. जुगाड म्हणजे आजचं काम आज कसंतरी निभावून नेणं. तारेने बांधलं, चिकटपट्टी लावली, व्हायव्हा होईपर्यंत टिकलं की झालं. बर्टचं सामान भंगारातलं असेल, पण पद्धत भंगार नव्हती. का तुटलं ते शोधायचं, एक बदल करायचा, टेस्ट करायची, पुन्हा मोडलेलं बघायचं. आपण ज्याला डिझाईन प्रोसेस म्हणून चार मार्कांची आकृती काढतो, ती हा माणूस कॉलेजात न जाता जगत होता. मशीन जुनं आहे, इन्स्ट्रुमेंट नाही, बजेट नाही, ही कारणं आपण प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये किती सहज लिहितो! ती खोटी नसतातही. पण बर्टची फळी आठवली की ती लिहिताना हात थोडा अडखळतो.

शेवटच्या वर्षांत तब्येतीने साथ सोडली. आपल्या गाड्या आपल्याच भागात राहाव्यात म्हणून त्याने त्या गावातल्याच एका व्यापाऱ्याला विकल्या. ६ जानेवारी १९७८ रोजी बर्ट गेला. २००६ साली अमेरिकेच्या मोटारसायकल हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव घेतलं गेलं. त्याची गाडी इन्व्हरकार्गिलमधल्या ई. हेज नावाच्या दुकानात मांडली आहे. ते दुकान कसलं आहे माहीत आहे? हार्डवेअरचं! खिळे, पाने, नटबोल्ट यांच्या सोबतीला ती उभी आहे. म्युझियमच्या काचेपेक्षा तिला हीच जागा शोभते.

आणि शेवटची गंमत. २०१४ साली बर्टच्या मुलाच्या, जॉनच्या, लक्षात आलं की १९६७च्या रेकॉर्डच्या आकड्यात काहीतरी गडबड आहे. अमेरिकेच्या असोसिएशनने जुने कागद तपासले. दोन दिशांच्या दोन फेऱ्यांची सरासरी काढताना चूक झाली होती! ताशी १८३.५९ मैलांच्या जागी खरा आकडा १८४.०९ मैल निघाला, म्हणजे २९६ किलोमीटरच्या थोडा वर. जाऊन छत्तीस वर्षं झाली, तरी म्हातारा अर्ध्या मैलाने अजून फास्ट झाला. आणि ही चूक शोधली कोणी, तर ज्या घराने त्याच्या वेडाची किंमत मोजली, त्याच घरातल्या मुलाने.

तेव्हा मित्रांनो, बेरीज-भागाकार नीट तपासत जा. आणि जिन्याखाली एखादी जुनी गाडी जाम होऊन पडली असेल, तर आज रात्री तिच्या प्लगच्या भोकात थोडं ऑईल सोडून या. किक मात्र पाच दिवस मारू नका!